टोपीवरची पेटी

ग्योटिंगेन, मंगळवार

लाडक्या फ्राउकेस धाकटीची घट्ट मिठी,

झाले ग डॉक्टर! आईला एवढंच सांग. तिचा गुडघा कसा आहे? सफरचंदं उतरवली का?

आता फक्त तुझ्यासाठी. मी संशोधनात बनवलेला रंग पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटतो आणि निळ्या प्रकाशात लखलखतो. आईने स्वयंपाकघरात लावलेत ते फोटो त्याचेच. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "सुंदर! पण यातली एक तरी पेशी जिवंत आहे का?"

नव्हती. माझा रंगच त्यांना मारत होता, आणि मेलेली पेशी रंग अधाशासारखा पिते. एवढा उजेड त्याचाच होता.

जेमतेम पास केलं. आमचे प्रोफेसर क्रोगमान सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमचा रंग मढ्यांनाच खुलतो!"

इथे नव्या डॉक्टरला परीक्षा संपताच प्रयोगशाळेतले सोबती स्वतः केलेली टोपी घालतात, वर त्याच्या कामाची टिंगल. माझ्या टोपीवर इवलीशी शवपेटी होती, आत दिवा. हातगाडीत बसवून मला गावभर मिरवलं. चौकातल्या हंस राखणाऱ्या मुलीच्या पुतळ्याचा रीतीप्रमाणे मुका घेताना ती पेटी डोक्यावर लुकलुकत होती. मीही हसले. न हसून करते काय?

घरी येऊन टोपी काढली, तेव्हा पेटीला हात लागला. तिच्यावर काळ्या रंगाचे तीन हात दिलेले, खडखडीत वाळलेले. तीन हात वाळायला दोन दिवस तरी लागतात, आणि परीक्षा तर त्याच सकाळी झाली होती, फ्राउके.

टोपीचा फोटो सोबत आहे. आईने विचारलं तर सांग, दागिन्यांची पेटी आहे.

तुझीच,
इम्के