वरकसावरचं आलं

आबा, माफी मागायला बसलोय, पण आधी तक्रार करतो. कुडपणचं आपलं वरकस, डोंगरउतारावरची ती जमीन, दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घेतली की तुम्ही मोकळी टाकायचात. मी तेव्हा महाडच्या कारखान्यात नुकता लागलेलो, डोक्यात हवा. सुट्टीला आलो की म्हणायचो, जमीन अशी बसवून ठेवतात का? तुम्ही ओट्यावर पान लावत बसलेले. मान वर न करता म्हणालात, "बसली नाय ती, दम खातेय. तू जेवून आडवा पडतोस तवा मी काय बोलतो?" आई हसली. मला राग आला, कारण मी तेव्हाही आडवाच होतो.

तुम्ही गेल्यावर नोकरी सोडून मी आलं लावलं. पहिल्या वर्षी घरामागच्या माळावर. कोंबडखत, औषधं, ठिबक, काही कमी केलं नाही. भाव असा लागला की कौलं जाऊन स्लॅब आला आणि तुमची नात पुण्याला शिकायला गेली. नाचणीने हे झालं नसतं, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. पण आलं त्याच मातीत लगेच पुन्हा लावलं की कंद कुजतो, त्याला दरवेळी नवी जमीन लागते. म्हणून मी तुमच्या वरकसाला झोपेतून उठवलं.

शहाणपणा असा, की देशावरच्या सपाट रानात पाहिले तसे वाफे मी उतारावर सरळ वरून खाली ओढले. पाणी साचायला नको ना! नाही साचलं. आषाढात एका दुपारी माती, खत, आलं, सगळं मिळून खालच्या काकूच्या भातात उतरलं. काकू बांधावर कमरेवर हात ठेवून उभी. "तुझं आलं माझ्या भातात येऊन बसलंय रे. पाव्हणं हाय काय ते?" पुढे, सगळी वाडी जिथून पाणी भरते त्या झऱ्यालाही औषधाचा वास आला. आठ दिवस वाडीतली एकही बाई माझ्याशी बोलली नाही, घरातली धरून. लाज वाटली, आबा. फार वाटली.

आता आलं न लागलेलं असं झऱ्याच्या वरचं रान तेवढं उरलंय, जिथली फांदीही तुम्ही तोडू दिली नाहीत. आज सकाळी घाटावरचा व्यापारी तेच मागायला आला. झाडं तोडून आलं लावायचं म्हणाला आणि असा आकडा बोलला की माझा चहा निवला. मी म्हटलं, "वडिलांना पसंत नाही."

"मग म्हाताऱ्याशी मीच बोलतो. कुठं हायत?"

"आत्ता घरी नाहीत," मी म्हणालो. आत बायकोच्या हातातलं भांडं पडलं.

दिवाळीनंतर तो तुम्हाला भेटायला येणार आहे. तुम्ही नाही आहात हे त्याला कधीतरी सांगावं लागेल. पण खरं सांगू? तो आकडा पुन्हा ऐकला, तर मला एकट्याला 'नाही' म्हणता येणार नाही.