आमना मनोरा हालस

एरंडोल, ता. ८ डिसेंबर १९३४

दोन महिने वहीला हात लावला नाही, चूक माझीच. आज मात्र राहवत नाही.

वाचनालयात नुकत्याच विलायतेहून परतलेल्या वकीलसाहेबांनी बेल्जममधली चर्चे पडद्यावर दाखवली. एका मनोऱ्याच्या पायऱ्या म्हणे त्यांनी मोजल्या. मागून दगाआबा उठले, "भाऊ, आमना फरकांडाना मनोरा हालस. तुमना हालस का?"

"आबा, ते चर्च आहे, पाळणा नव्हे!" वकील म्हणाले.

सभा हसली. अध्यक्ष मी, मीही हसलो! काय हा उद्दामपणा! झुलत्या मनोऱ्याचे फरकांडे इथून चार-पाच कोसांवर, पण वकील कधी तिकडे फिरकले नाहीत. आणि मी? तिथल्या पायऱ्या मी तरी कुठे मोजल्यात? प्रश्न रास्त होता. आबा उत्तराविना खाली बसले.

उद्या सकाळी आबांकडे जाऊन म्हणणे, "मला फरकांड्याला न्या."