पिकअप गाडी आणि इतर चीजवस्तूंबाबत

मी, रायमो सालमेला, वय एकोणऐंशी, काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्याच्या कामातून निवृत्त, राहणार किवीयार्वी, मिशिगन, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. घरात दुसरे कोणी नाही. या लिखाणाची अंमलबजावणी शेजारीण बेवर्ली ओयाला हिने करावी. ती हो म्हणाली आहे.

१. घर, मागची सौना म्हणजे वाफ घ्यायची खोली, आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी एकुलती एक मुलगी कार्ला, राहणार टूसॉन, हिला मिळावी. तिने विकली तरी चालेल. सौनातली लाकडाची भट्टी काढून विजेची बसवू नये. विजेवर चालणारी एक वस्तू पुरे झाली.

२. हत्यारे गॅरेजवाला डेल बुशार याला द्यावीत. त्यातून मासे धरायला तळ्याच्या बर्फाला भोक पाडायचे गिरमिट वगळावे. ते माझा मेहुणा रुडी याला मिळावे; तसेही ते सात वर्षे त्याच्याकडेच आहे. मी विजेची पिकअप घेतली तेव्हापासून रुडी रस्त्यात थांबून विचारायचा, "काय दाजी, आज खेळण्याला चावी दिलीत का?" त्याची बहीण, म्हणजे माझी बायको एल्मा, गेल्यापासून तो हे विचारत नाही. टोपीला हात लावतो आणि पुढे जातो. त्याने पुन्हा विचारले असते तर मला चालले असते.

३. बँकेतल्या पैशांतून मला एल्माच्या शेजारी पुरावे. उरेल ते चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे. तिथली कॉफीची किटली गळते.

४. आता गाडी. ती ज्याच्या हाती जाईल त्याला तिच्या सवयी माहीत हव्यात. रोजच्या वापराला बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नये. कडाक्याच्या थंडीत पडद्यावर जितके मैल दिसतात त्यांतल्या निम्म्यांवरच भरवसा ठेवावा. निघण्याआधी, केबल लावलेली असतानाच, आतला हीटर सुरू करावा. बॉनेटखाली एक छोटी बॅटरी आहे, साध्या मोटारीत असते तशी. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. दारही उघडत नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एल्माच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका काउंटीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. इस्पितळ सत्तर मैलांवर. गाडी अर्धीच भरलेली होती. मैल वाचवायला मी हीटर बंद ठेवला, तरी वाटेत चार्जिंगला थांबावे लागले. एल्मा दुसऱ्या दिवशी गेली. चर्चच्या तळघरात, दफनानंतरच्या कॉफीला, कार्ला सगळ्यांसमोर म्हणाली, "आई आत काकडत होती आणि तू बाहेर केबल धरून उभा होतास, बाबा!"

मी म्हणालो, "कॉफी निवतेय तुझी."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. वाटेत थांबलो नसतो तर एल्मा वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, सांगता येत नाही.

५. गाडी घेतली तेव्हा कार्ला इथे आली होती. माझा फोन जुना घडीचा, त्यावर असले काही चालत नाही, म्हणून गाडी तिनेच आपल्या फोनला जोडली. मी ते विसरून गेलो होतो. मग एल्मा गेल्यावर छोटी बॅटरी वारंवार उतरू लागली, आणि रविवारी चर्चला निघताना काचेवर बर्फ नसे, आत ऊब असे. मला वाटले, गाडीत बिघाड आहे. डेलने तपासली.

"रायमो, ही गाडी झोपतच नाही. कोणीतरी तिला सारखं उठवतंय."

"कोण उठवणार? अंगणात उभी असते."

"फोनवरून हो. चार्ज किती आहे ते बघायला, कधी हीटर लावायला. बघितलं की गाडी जागी होते आणि छोटी बॅटरी खाते. दिवसातून पंधरा-वीसदा बघतंय कोणीतरी. काढून टाकू तो फोन? दोन मिनिटांचं काम."

"राहू दे."

"मग दर हिवाळ्यात नवी बॅटरी घालावी लागेल."

"घालू."

डेलने माझ्याकडे पाहिले आणि बॉनेट लावले.

गेल्या मार्चमध्ये मी तापाने पडून होतो. गाडी जागची हलली नाही. इथला पोलीस, डेप्युटी कर्टिस डुफोर, दार ठोठावत आला. "तुमच्या मुलीचा फोन होता. काय सांगू तिला?"

"सांग, घरी आहे."

"मीच का सांगू? फोन काय शोभेला ठेवलाय?"

बेवर्लीही मला हेच विचारते. उत्तर इथे देतो. मी फोन केला तर कार्लाला बरे वाटेल, आणि बरे वाटले की ती बघायचे थांबवेल, अशी मला भीती वाटते.

६. गाडी कार्लाला मिळावी. तिला नको असल्यास डेलने वापरावी, पण तिचा फोन गाडीतून काढायचा तर तो तिनेच काढावा.

७. मी गेल्याचे कळताच बेवर्लीने इतर काही करण्याआधी कार्लाला फोन करावा. गाडी दिवसेंदिवस उभी आहे एवढ्यावरून तिला हे कळू नये. माणसाच्या आवाजात कळावे. तिने विचारले, तर डॉक्टर काय म्हणाले ते जसेच्या तसे सांगावे, गोड करू नये. आणि मी त्या बॅटऱ्या का बदलत राहिलो तेही सांगावे. तिने फोन उचलला नाही तर पुन्हा करावा. ती बोलेपर्यंत गाडीची केबल कोणी काढू नये.

हे मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही. साक्षीदारांदेखत सही करतो.

रायमो सालमेला

साक्षीदार:
कर्टिस डुफोर, डेप्युटी शेरिफ
लोइस टारविनेन, टपाल कचेरी

किवीयार्वी, मिशिगन
६ नोव्हेंबर २०२५