राउटरमधला मानपान

सोमवार, दिवेलागण

आज पुन्हा टीव्हीवर ते फिरणारं चाक! गुडघ्यांमुळे आईला नारायणगडाला जाता येत नाही, म्हणून घरीच तिथलं थेट कीर्तन लावलं, तर बुवांचं तोंड उघडं ते उघडंच. इंटरनेटवाल्याला फोनवर नको नको ते बोललो. मग राउटर तपासला. आधी कुणाला नेट द्यायचं ती यादी मीच काकांच्या हुकमानं लग्नपत्रिकेसारखी मानाप्रमाणे भरलेली! काकांचा मोबाइल पहिला, टीव्ही शेवटी. आणि तो मोबाइल काकांच्या सत्काराचे व्हिडिओ चढवत बसलेला.

म्हटलं, "काका, टीव्हीला वर घेतो."

"माझं नाव खाली जायचं न्हाई बे!"

आई त्या फिरणाऱ्या चाकालाच हात जोडून उठली. राउटरचा पासवर्ड माझ्याकडंच हाय. मग मी गप काहून बसलो?