एका घासाचं सफरचंद

६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण त्याहून जास्त आई कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही. दादा कामावर जातो, येतो, जेवतो. आपल्या गल्लीतली झाडं पिवळी पडायला लागली आहेत आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याने सफरचंदांचे ढीग लावले आहेत. तूही ठीक असशील असं धरून चालते.

फोन करता आला असता. पण या घरात फोनवर बोललेलं प्रत्येक खोलीत ऐकू जातं. शिवाय फोनवर तू मला हसवतेस आणि मुद्दा राहून जातो. घटस्फोटाच्या कागदांवर तुझ्या आणि दादाच्या सह्या ऑगस्टमध्ये झाल्या, त्यानंतर मी तुला काहीच लिहिलं नव्हतं. तेव्हा आता मुद्द्याचं.

आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी पानगळीच्या दिवसांत एक चहा असतो. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. तुला हे माहीत आहे, कारण इतकी वर्षं माझ्या नावाचा डबा तूच भरत होतीस. सफरचंदाच्या त्या छोट्या वाट्या: बाहेर लोण्याच्या पिठाचं खुसखुशीत कवच, आत दालचिनीतलं सफरचंद, वर साखरेचा चुरा, आणि एका घासात खलास. हे माझ्या हातचं नाही असं मी दर वर्षी सांगत आले, पण लोकांना तो विनय वाटतो. परवा आमच्या प्रमुख बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, सफरचंद येतंय ना? मी हो म्हणून बसले.

सोपं आहे, तुलाही जमेल, असं तू म्हणायचीस. त्यातल्या 'तुलाही'कडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं होतं.

रविवारी करून पाहिलं. आधी ओव्हन तपासला. दिवसभर लोकांचे तापमापक तपासायचे आणि घरातल्या ओव्हनवर आंधळा विश्वास ठेवायचा हे मला पटेना. कामावरून तापमान मोजायची तार आणली, आत सोडली, तर बटण दोनशेवीसवर असताना आत जेमतेम एकशेऐंशी. बटणामागचा स्क्रू फिरवून फरक काढून टाकला. आता ओव्हन जे दाखवतो तेच देतो. मग तू सांगितलेल्या मापाने पीठ, लोणी, साखर, सगळं वजन करून घेतलं. सफरचंद चण्याएवढं चिरायचं म्हणून चणा शेजारी ठेवून चिरलं. तुझ्याप्रमाणेच दोनशेवीस लावले.

पहिली खेप बाहेरून काळी आणि आतून कच्ची. दुसरीही तशीच. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एकीने गोडाचं दुकान काढलं, तू आता कोळशाचं काढ."

कुठे चुकतं आहे ते कळव. चहा पुढच्याच आठवड्यात आहे.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुझं दुकान उघडेल, तेव्हा पहिला दिवस मी तुझ्याबरोबर काउंटरमागे उभी राहीन का. तुझ्या माहेरून कुणीच येणार नाही, हेही तू लिहिलं आहेस. त्याचं उत्तर विचार करून देते. आधी ओव्हनचं सांग.

तू ठेवलेल्या नावाला जागून,
मोजपट्टी


१५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर आलं तेव्हा आई शेजारी गेली होती, त्यामुळे नीट हसता आलं.

तू लिहितेस की आपला ओव्हन कमी तापतो हे तुला या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुझे सगळे आकडे त्याची ती खोड धरूनच बसवलेले आहेत. मी त्याला सरळ केलं म्हणून तुझे आकडे वाकडे झाले. हे मला आपणहून सुचायला हवं होतं. उपकरण बदललं की जुने आकडे जसेच्या तसे वापरायचे नाहीत, हे मी कामावर नवीन लोकांना शिकवते. ओव्हन दुरुस्त का करून घेतला नाहीस, असं विचारणार होते, पण तेही तू लिहून टाकलं आहेस: दादाला दोनदा सांगितलं, तो बघतो म्हणाला, मग तूच जुळवून घेतलंस.

हे ओव्हनबद्दल आहे असं धरून मी पुढे जाते.

आकडा खाली आणला. शिवाय मी पहिल्यांदा वेळखाऊ म्हणून गाळलेली तुझी सूचनाही पाळली. चिरलेल्या सफरचंदाला साखर आणि लिंबू लावून झाकून ठेवलं, सुटलेलं पाणी वेगळं काढलं, ते मधासारखं होईपर्यंत आटवलं आणि परत सफरचंदात ओतलं. वहिनी, हे फार हुशारीचं आहे. ते पाणी तसंच राहिलं तर वाटी भिजते, फेकून दिलं तर चव जाते. तू ते काढून घेतेस आणि दाट करून ज्याचं त्याला परत देतेस. दोन जातींची सफरचंदं का घ्यायची, तेही आता कळलं. आंबट तुकडे आकार धरून राहतात, गोड विरघळतात आणि त्यांना बांधून ठेवतात. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत आलो की तुझ्या हाताला चव आहे. चव आहेच. पण तिच्यामागे डोकं आहे, आणि हे घरात कुणी तुला म्हटलेलं मला आठवत नाही. मी म्हणते.

चहाच्या दिवशी ताट टेबलावर ठेवलं आणि हात धुऊन येईपर्यंत ते निम्मं झालं होतं. आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण त्याला किती वाजले विचारलं तरी सेकंदांसकट सांगतो. तो गोड खात नाही. त्याने एक वाटी उचलली आणि खाल्ली. म्हणाला, एकाच वाचनावर निष्कर्ष काढणं बरोबर नाही, आणि दुसरी घेतली. त्याचं वाचन पक्कं होईपर्यंत प्रमुख बाईंनी ताट स्वतःकडे ओढून घेतलं. मी पुन्हा सांगितलं की कृती माझी नाही, माझ्या वहिनीची आहे. या वेळी त्यांनी विश्वास ठेवला, कारण काही वाट्या तिरक्या होत्या.

तू म्हणायचीस की मोठा तुकडा पुढे केला की माणूस नको, अर्धाच दे म्हणतो. एका घासाला कुणी नाही म्हणत नाही. ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. घरी येताना बसमध्ये मनात आलं, तू दादाकडे तरी असं काय मोठं मागितलं होतंस? एक छोटी जागा आणि एक बरा ओव्हन. तो दर वर्षी म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मोठ्याने कधी नाही म्हणाला नाही, त्यामुळे भांडायलाही काही मिळालं नाही तुला.

थोड्या वाट्या घरी ठेवल्या होत्या. आईने एक खाल्ली. मग म्हणाली, "दालचिनी कमी पडली. ती सढळ घालायची." तो कोळशाचा टोमणा सोडला तर, तू गेल्यापासून तुझा विषय आईने आपणहून पहिल्यांदा काढला, तोही माझी चूक दाखवायला. तरी काढला. दादाने ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ल्या आणि बशी धुऊन ठेवली. दादाने बशी धुणं ही या घरात बातमी आहे, म्हणून लिहिते.

आणखी एक. मंगळवारी मी तुझ्या दुकानावरून गेले. म्हणजे समोरच्या फुटपाथवरून. ते माझ्या वाटेवर नाही. आधीच्या चष्मेवाल्याचे आरसे तू तसेच ठेवले आहेस, त्यामुळे एकटी असूनही तू चौघीजणी दिसत होतीस. ओठांत खिळे धरून, स्टुलावर चढून फळी ठोकत होतीस. ना टेप, ना पाणसळ. वितीने मोजलंस, नखाने खूण केलीस आणि ठोकून मोकळी झालीस. मी एक डोळा मिटून समोरून पाहिलं. फळी सरळ होती. मग तू खाली उतरलीस, मागे सरकलीस आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिलीस. आपल्या घरात तुला अशी ऐटीत उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. छान दिसत होतीस.

मी आत आले नाही.

आता उत्तर. शनिवारी मला जमणार नाही. काम आहे असं लिहिणार होते, पण काम नाही. आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली की लोक काय म्हणतील ते एक वेळ सोडून देऊ, पण बायको ज्या दुकानासाठी गेली त्याच दुकानात बहीण उभी आहे हे कळल्यावर दादाला कसं वाटेल? मी तिचं ऐकलं. तुझं मागणं याही वेळी छोटंच आहे, हे मला दिसतं. तरी.

रागावू नकोस.

मोजपट्टी


२३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

परवा तुझं दोन ओळींचं पत्र आलं. "ठीक आहे गं, समजलं. पीठ जास्त मळू नकोस, वाटी कडक होते." बस. राग नाही, टोमणा नाही. मी ते सकाळपासून खिशात घेऊन फिरत होते. एवढ्या छोट्या पत्राला इतक्या वेळा वाचायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी भाजी चिरत होते तेव्हा दादा स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "आई सांगत होती, तू तिला 'येत नाही' म्हणून कळवलंस. बरं केलंस." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

दादा वाईट माणूस नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो थोपटतोही मनापासून. पण त्या थोपटण्याने मला कळलं की मी काय करून बसले होते. तुझ्या दुकानाला त्याने इतकी वर्षं मऊ आवाजात जे केलं, तेच मी एका पत्रात केलं होतं, आणि तो मला त्याबद्दल शाबासकी देत होता.

मी सुरी खाली ठेवली आणि त्याला सांगितलं की मी जाणार आहे.

त्याला आधी वाटलं मी चेष्टा करते आहे. मी चेष्टा करत नाही हे त्याला आठवायला थोडा वेळ लागला. मग त्याने शांतपणे विचारलं, "ती आता तुझी कोण लागते?"

"वहिनी."

"माझ्याशिवाय?"

"नातं तू आणलंस, दादा. ठेवायचं की नाही ते मी बघेन."

एवढं बोलून मी पुन्हा भाजी चिरायला घेतली. तो गेला नाही. खिडकीपाशी उभा राहिला, काच पुसल्यासारखं केलं. तिथूनच म्हणाला की मला राग आला आहे, पण तू जा. मी म्हटलं, मी विचारलं नव्हतं. त्यावर तो जरासा हसला. मग त्याने गर्दी होईल का असं विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही, नवीन जागा आहे.

"होईल," तो म्हणाला. "चांगलं करते ती."

हे त्याने कधी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं की नाही, मला माहीत नाही. निरोप म्हणून त्याने ते दिलेलं नाही. मी माझ्या जबाबदारीवर पोचवते आहे.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भिंतीकडे बघून. काल भिंतीला सांगत होती की ज्यांना दिवसभर उभं राहायची हौस आहे त्यांनी निदान सपाट चपला घालाव्यात, पाय भरून येतात. ती स्वतः येणार नाही. येईल असं मी तुला खोटं सांगणार नाही, आणि तू वाट बघू नकोस.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी मी येते. ताटं मांडायची, कागदी पिशव्या उघडून ठेवायच्या, सफरचंद चिरायचं, जे सांगशील ते करीन. लोकांशी गोड बोलणं मला येत नाही. ते तू बघ. मी वाट्या मोडू न देता हातात देईन, ते मला येतं. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही तर आपण दोघी खाऊ. बोलायलाही मी असेन.

दिवसभरात कुणीतरी विचारेलच, ही कोण? तेव्हा माझ्याकडे बघून अडखळू नकोस. तुमचं दोघांचं तुम्ही मिटवलंत, सह्या केल्यात, ते तुमचं. तुझं-माझं मिटवायचं का, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सही केली नसती.

तुझी नणंद