भूर्जाखाली वाळलेल्या चादरी

उप्साला, १४ मे

प्रिय ताईस, हेनिंगचा सशिंक नमस्कार.

माझ्या दोन चादरींवर घोर अन्याय झाला आहे, याची घरच्यांनी नोंद घ्यावी. इमारतीच्या धुलाईघरात माझी वेळ संपून अकराच मिनिटं झाली होती. तेवढ्यात शेजारच्या सिक्स्तेनने त्या यंत्रातून काढून अंगणातल्या भूर्जवृक्षाखाली वाळत घातल्या. वर चिठ्ठी: "तुमची वेळ संपली होती. उपकार म्हणून वाळत घातल्या." शेजारी हसरा चेहरा काढलेला! भूर्जाच्या परागाचं मला वावडं, आणि चादरी त्याने माखलेल्या; मी त्या परागातच झोपलो. सकाळी नाकाला धार आणि डोळे लालबुंद.

सूड घ्यायचा ठरवला. त्याच झाडाखाली, त्याच्या खिडकीसमोर बसून, एकदाही न शिंकता कॉफी प्यायची.

त्यासाठी डॉक्टरीणबाईंकडून नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आणला. "रोज मारायचा हं, महाराज! शिंक आली की धावणारा अग्निबंब नाही तो," त्या म्हणाल्या. दहा दिवसांत नाक मोकळं झालं, डोळ्यांची खाजही गेली. शनिवारी दोन कप कॉफी प्यायलो. सिक्स्तेनने पडदा ओढून घेतला. काय सांगू, अमृत!

आईचा गुडघा कसा आहे? पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

अशा फवाऱ्याने कधी कधी डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून घरात कुणाला काचबिंदू आहे किंवा होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. हो म्हटलं तर फवारा मिळणार नाही, म्हणून मी "नाही" म्हणालो. काचबिंदूने बाबा शेवटी भिंत चाचपत चालायचे, हे आठवत असूनही. आता माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं. सोमवारी जाऊन खरं सांगणार आहे. ताई, मला फार भीती वाटते.

तुझाच,
हेनिंग