दाटणीचं इन्स्पेक्शन

४ डिसेंबर, सकाळी
इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातून कालच परतलो. एक शब्द फार आवडला: धम्मविचय. शरीरात, मनात जे उठेल ते कुतूहलाने तपासायचं. मला काय अवघड! ओझरला विमानाच्या कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनच केलं. उज्वला पावसाळ्यात गेली. मी एकदाही रडलो नाही. नातेवाईक बायकोच्या माघारी दगड झाला म्हणतात. शिबिरात याला समता म्हणतात.

६ डिसेंबर
सकाळच्या ध्यानात छातीत दाटलं. कुतूहलाने पाहिलं. निष्कर्ष: गॅस. रात्रीचं वांगं बंद.

९ डिसेंबर
वांगं बंद, तरी दाटलं. त्याच सुमाराला. उशी बदलली. पुण्याहून तेजस्विनीचा फोन. म्हणाली, बाबा, एकदा मोकळेपणी रडून घ्या. तिला समजावलं, पोरी, ही साधना तुला कळायची नाही. फोन कट झाला. नेटवर्क असेल.

१३ डिसेंबर
ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, घरी सोबतीला कोण असतं. काहीही विचारतात.

१४ डिसेंबर
मोठा शोध! दाटतं तेव्हा खाली नवसाबाईच्या भाजीगाडीचं चाक कुरकुरत असतं. पूर्वी ती आमच्या दारात 'मेथीऽऽ' ओरडायची आणि उज्वला तासभर भाव करायची. मी गॅलरीतून खेकसायचो, अगं, जुडीसाठी कॉलनी कशाला उठवतेस. आता गाडी आमच्या दारावरून गुपचूप जाते. एवढी शांतता, मग दाटतं कशाने? उद्या स्पॉट इन्स्पेक्शन.

१५ डिसेंबर
खाली गेलो. नवसाबाईला विचारलं, आमच्या दारात आवाज का देत नाही. म्हणाली, आता कुणाला हाक मारू साहेब? ताईच नाय, तर तोंडच उघडत नाय.

आलोच होतो म्हणून मेथीची जुडी घेतली. तिने सांगितला तो भाव दिला. तिने पैसे हातातच धरून ठेवले. म्हणाली, असं नका घेऊ साहेब. ताई असं कधी घ्यायच्या नाय. कमी कर म्हणा ना.

म्हणायला तोंड उघडलं. पुढचं सगळं रस्त्यातच झालं, अख्ख्या कॉलनीदेखत, हुंदक्यांसकट. नवसाबाईने गाडीवरची गोणी अंथरून मला फुटपाथवर बसवलं आणि गाडी तशीच सोडून शेजारी बसून राहिली.

निरीक्षण करायचं राहून गेलं.

मेथी ओट्यावर पडली आहे. ती निवडतात कशी, हे मी आयुष्यात कधी बघितलंच नाही.